सीझन पूर्ण कर

बेटा,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या फुटबॉल लीगचा सीझन निम्माही झाला नाही आणि तू बॅग भरायची भाषा करतोस. बाकावर बसून जीव कंटाळला, कोच नाव घेत नाही, इकडे जळगावच्या नॉकआउटसाठी मंडळवाले गाडीभाडं देऊन वर रोख द्यायला तयार आहेत, शिवाय पोलीस भरती. तुझी घालमेल कळते मला. पण परत यायचं नाही. सीझन पूर्ण करायचा.

तू गुणी आहेस वगैरे लिहीत बसत नाही. तुझा डावा पाय काय आहे ते तुलाही ठाऊक आहे नि मलाही. अडचण अशी की तू अजून आपला खान्देशातला फुटबॉलच डोक्यात घेऊन बसलायस. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे नॉकआउट. मंडप, पाहुण्यांचे सत्कार, दोन गोल मारले की खांद्यावरून मिरवणूक, हरलात की संध्याकाळच्या गाडीने घरी. माझी उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. कपाट भरून चषक आहेत. पण ज्यांनी आपला खेळ एकदा ओळखलाय त्यांच्याशी दुसऱ्यांदा, त्यांच्याच मैदानावर, कसं खेळायचं हे मला कधी कळलं नाही, कारण तशी वेळच कुणी येऊ दिली नाही. ही खंत या वयातही जात नाही. तुझ्यावर ती वेळ आलीय, आणि तू ती टाकून येतोस?

मिझोरमच्या ऐझॉल क्लबचं बघ. २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली गेलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत जागा मिळाली. मुंबईहून आलेला खालिद जमील कोच, संघात मुंबईचाच जयेश राणे. २०१६-१७ ला दहा संघ, प्रत्येकी १८ सामने. त्यातले तीन ऐझॉल हरलं. आपल्याकडे पहिल्याच पराभवाला गाशा गुंडाळावा लागला असता! ३० एप्रिल २०१७, शिलाँगला शेवटचा सामना. तिथल्या लाजोंग संघाचा गोल आधी झाला, ऐझॉलने उत्तरार्धात फेडला, १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६, लीग ऐझॉलने जिंकली. आता सांग, तो जास्तीचा एक गुण नेमका कुठल्या सामन्यातला? कुणालाच सांगता येणार नाही. महिन्यांपूर्वीच्या एखाद्या रटाळ बरोबरीत, शेवटच्या दहा मिनिटांसाठी बाकावरून उठून आलेल्या कुणा पोराने अडवलेल्या एका बॉलचाही असेल. म्हणून म्हणतो, सीझन पूर्ण कर.

भुसावळला मी पोरांची लीग लावली, सगळ्यांनी सगळ्यांशी, दोन-दोनदा. विजेता ठरला तरी तळाच्या दोन संघांचा सामना मी रद्द केला नाही. मे महिना, सकाळी सातलाच अंग भाजत होतं, काळी माती अशी तडकलेली की भेगेत बोट जाईल. फक्की मीच मारली. बघायला चार माणसं नव्हती. सर हट्टाला पेटलेत म्हणाले, एका देणगीदाराने हात आखडला. आखडू दे. त्या सामन्यात तळाच्या संघात तूच होतास, विसरलास? मान खाली घालून बॉल पळवणारा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून पास देत होता. मी बरोबर होतो आणि आजही तेच करीन.

तू लिहितोस, सर, लीगचाच भरवसा नाही. खरंय. २०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, अडकली, फेडरेशन आणि आयोजक कंपनीच्या कराराचं घोंगडं भिजत पडलं, खेळाडू महिनोन्‌महिने टांगणीला लागले. २०२६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती प्रत्येकी १३ सामन्यांची, परतीची फेरी गायब. मला याचा तुझ्याइतकाच संताप आहे. दुसऱ्यांनी सीझन मोडला तर आपला इलाज नाही. पण चालू असलेला सीझन आपल्या हाताने मोडायचा?

बाकावर मोबाइल घेऊन बसू नकोस. तुझ्या जागेवर खेळतो त्याच्याकडे बघ. कितव्या मिनिटाला तो मागे धावायचं सोडतो, कुठल्या बाजूला वळायला कचरतो. वहीत लिही. सीझन लांबला की पिवळी कार्डं साठतात, बंदी येते, स्नायू धरतात. तुझं नाव त्या दिवशी निघेल आणि तेव्हा तू जळगावात हार घालून उभा असशील? असला वेडेपणा मला सहन होणार नाही.

भरतीचं वय तुझ्या हातात आहे, वडिलांशी मी बोललोय. कापसाचे पैसे आल्यावर त्यांची तेवढी ओढाताण राहणार नाही. तू घरी पाठवतोस ते तेवढंच पाठवत राहा.

आणि जळगावच्या मंडळाला तू येणार नाहीस असं मी कळवून टाकलंय. तुला न विचारता कळवलं. राग आला असेल तर फोन कर, पण ट्रेनिंग झाल्यावर.

तुझा,
सर