वाळवंटातली घरं करायचीत म्हणते लेक, मग सिव्हिल की आर्किटेक्चर?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे, तिला आर्किटेक्ट होऊन राजस्थानकडे एसीशिवाय गार राहणाऱ्या इमारती करायच्यात आणि घरचे म्हणतायत की असल्या खुळापेक्षा सिव्हिल कर, निदान नोकरी तरी लागेल. खूळ वगैरे काही नाहीये हे. फक्त "वाळवंटाची आर्किटेक्ट" अशी वेगळी डिग्री शोधत बसू नका, आधी बी.आर्क. करू दे, पाच वर्षं, त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा नाहीतर जेईई मेनचा पेपर २, आणि कॉलेजला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे ना ते आधी बघा.

फिजिक्स मात्र मनापासून कर म्हणावं, कारण सगळा खेळ उष्णतेचाच आहे. कोरड्या हवेत दिवसा आग आणि रात्री गारवा, त्यामुळे जाड भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ उलटते. तुमच्या बीडकडच्या जुन्या माळवदात (जाड भिंतींचं, मातीच्या धाब्याचं घर) दुपारी गार वाटतं ते याचमुळे. कोकणच्या दमट हवेत हीच भिंत फारशी कामाची नाही, तिथे वारा खेळता हवा.

इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फतही यांचं काम तिला बघायला सांगाच. १९४० च्या दशकात त्यांनी लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांत बांधायला घेतलं. छताला लाकूड महाग, मग अस्वानकडचे न्युबियन गवंडी आणले, ते मागच्या भिंतीला टेकवून विटांची तिरपी कमान चिकटवायचे, तिच्यावर पुढची, असं करत पुढे यायचे, खाली आधाराचं सेंट्रिंगच नाही! पण गाव पूर्ण झालंच नाही, कारण ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बरेच जण यायला तयार नव्हते, त्यांची कमाई जुन्या वस्तीखालच्या थडग्यांतून निघणाऱ्या वस्तूंवर होती ना. म्हणून म्हणतो, ड्रॉइंगइतकंच लोकांशी बोलणंही जमायला हवं, आणि ते कॉलेजात फारसं कोणी शिकवत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर जैसलमेरजवळ कनोईची मुलींची शाळा, न्यूयॉर्कच्या डायना केलॉग यांचं डिझाइन, तिथलाच पिवळा दगड, जाळ्यांच्या भिंती, वर सोलर, एसी नाही.

पैशाचं खरं सांगतो, सुरुवातीची काही वर्षं पगार बेताचाच असतो आणि निव्वळ मातीच्या बांधकामाची कामं करणारी ऑफिसं मोजकीच आहेत. त्यामुळे इंटर्नशिपला भुजच्या हुन्नरशाळेसारख्या, स्थानिक पद्धतीनं बांधकाम करणाऱ्या संस्थेत प्रयत्न करू दे, पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या ब्लॉकचे छोटे कोर्स असतात तेही बघा. आणि ताई, नाटाच्या ड्रॉइंगची प्रॅक्टिस बारावीची परीक्षा संपायची वाट न बघता आत्ताच सुरू करा, रोज अर्धा तास पुरे.