मारहाण झाल्यावर ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जावं, की ‘दुसरा गाल’ पुढे करावा?

खुशाल जावं. क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणं, अशी गल्लत सर्रास होते. प्रमुख याजकाच्या चौकशीत शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा खुद्द येशूने विचारलं की वावगं बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर का मारतोस? (योहान 18:23). फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी ‘सोडलंय, जा’ असा निरोप आला, तर गडी हलेना! आम्ही रोमन नागरिक, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं (कृत्ये 16:37). ते आले, विनवण्या केल्या.

रोमकरांस 12:19 सूड मना करतं, पण लगेच 13:4 मध्ये शिक्षेचा अधिकार शासनाकडे आहे. 1 करिंथ 6 मध्ये भावाने भावाला कोर्टात खेचू नये असं आहे खरं, पण ते आपसातल्या देण्याघेण्याच्या वादांसाठी आहे. त्याच्या आडून मारहाण किंवा अत्याचार चर्च कमिटीत मिटवू नयेत.

जखमांची नोंद त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात करा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, मागून घ्या.

प्रार्थनेला स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, पैकी पहिल्या दोनांत नुसतं ‘कोठवर?’. पीडिताला शेवटच्या, स्तुतीच्या वचनाकडे ढकलू नका. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं.