रेटिंगच्या दोन आकड्यांसाठी महिना 450 डॉलर?

प्रश्न : नवऱ्याची बदली न्यूयॉर्कच्या ऑफिसात झाली आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला घर बघतोय. मुलगी पाचवीत आहे, सप्टेंबरात तिथे सहावीला बसेल. तिला इंजिनिअर व्हायचंय. दोन अपार्टमेंट आवडलीत. एकाच्या शाळेचं रेटिंग दोनने जास्त आहे, पण भाडंही महिना 450 डॉलर जास्त. आत्ताच चुकलो तर पुढचं सगळं बिघडेल अशी धास्ती वाटते. – एक आई, पुणे

उत्तर : ताई, पुण्यात आपण चार शाळांचे फॉर्म भरतो आणि मग कुठे लागतं ते बघतो. एडिसनच्या सरकारी शाळांत तसं नसतं. घराचा पत्ता ज्या हद्दीत, तीच शाळा. म्हणून तुमचा प्रश्न शाळेचा कमी आणि भाडेकराराचा जास्त आहे.

सहावी ते आठवीसाठी तिथे चार मिडल स्कूल आहेत. जॉन ॲडम्स आणि वुड्रो विल्सनची मुलं पुढे जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात. हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसनची एडिसन हायस्कूलला. त्यामुळे त्याच घरात राहिलात तर बारावीपर्यंतची वाट आत्ताच ठरते. हद्दीबाबत ब्रोकरच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. अपार्टमेंटचा पूर्ण पत्ता देऊन स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, ऑफिसातून खात्री करून घ्या, आणि सही त्यानंतरच करा.

आता रेटिंग. घरांच्या जाहिरातीशेजारी 1 ते 10 मधला जो आकडा दिसतो, तो सहसा ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो. राज्याच्या परीक्षेचे निकाल हा त्यातला मोठा भाग. पण चारही शाळा एकाच डिस्ट्रिक्टच्या. बजेट ठरवणारं बोर्ड एक, अभ्यासक्रम एक, शिक्षकांच्या पगाराचा करारही एकच. तरीही निकालात फरक पडतो, तो बराचसा मुलांच्या घरून येतो. आईवडील किती शिकलेले, घरात इंग्रजी किती, शाळा सुटल्यावर कोण कुठल्या गणिताच्या क्लासला जातं. एडिसनमधल्या ओक ट्री रोड या भारतीय दुकानांच्या रस्त्याच्या आसपास असे क्लास शोधावे लागत नाहीत, एवढं सांगते. तुमची मुलगी आपलं घर बरोबर घेऊनच जाणार आहे. शेजारच्या मुलांच्या क्लासचे पैसे तुम्ही भाड्यातून का भरायचे?

त्यापेक्षा न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ उघडा. प्रत्येक शाळेचा वेगळा असतो आणि फुकट मिळतो. त्यात ‘स्टुडंट ग्रोथ’ नावाचा भाग आहे, आधी तो बघा. मागच्या वर्षांत साधारण सारखेच गुण मिळवणाऱ्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं यंदा किती पुढे सरकली, हे तो आकडा सांगतो. 50 च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण प्रगती. कमी रेटिंगच्या शाळेचा हा आकडा वरचढ निघाला, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

याच रिपोर्टात पालक हमखास फसतात अशी एक जागा आहे. आठवीच्या गणिताचा निकाल बघून ते घाबरतात, कारण तो सातवीपेक्षा एकदम खाली दिसतो. कारण साधं आहे. आठवीत अल्जिब्रा 1, म्हणजे बीजगणिताचा पहिला टप्पा, शिकणारी मुलं आठवीच्या गणिताचा पेपर देतच नाहीत, ती अल्जिब्रा 1 चा देतात. म्हणजे गणितात पुढे असलेली मुलं त्या यादीतून आधीच वजा झालेली असतात. जितकी जास्त मुलं अल्जिब्रात, तितका उरलेल्यांचा निकाल खाली! दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा, आणि किती मुलांनी कुठला पेपर दिला तेही बघा.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने मिडल स्कूलमधली खरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आठवीत अल्जिब्रा 1 झालं की नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा 2, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस, अशी सरळ रांग लागते. नववीत सुरू केलं तर कॅल्क्युलसपर्यंत पोचायला मध्ये कुठेतरी उन्हाळ्यात किंवा एका वर्षात दोन विषय घ्यावे लागतात. जमतं, पण दमणूक होते. तेव्हा दोन्ही शाळांच्या गायडन्स काउन्सेलरना (मुलांना विषय निवडायला मदत करणारे समुपदेशक) ईमेल करा : परदेशातून सहावीत येणाऱ्या मुलीला गणिताच्या वरच्या गटात कशाच्या आधारावर घेता, आणि सुरुवातीला खालच्या गटात पडली तर वर कधी सरकता येतं? कोण नीट उत्तर देतं, त्यावरूनही शाळा कळते.

आठवीत मिडलसेक्स काउंटीच्या, म्हणजे एडिसन ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, मॅग्नेट शाळांचाही अर्ज करता येतो. या ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या, निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा. त्यातली विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगची ॲकॅडमी एडिसनमध्येच, मिडलसेक्स कॉलेजच्या आवारात आहे. तिथे अर्ज करायला चारही मिडल स्कूलची मुलं मोकळी आहेत.

450 डॉलर म्हणजे तीन वर्षांत 16,200. माझा कौल स्वस्त घराला आहे, फक्त एक गोष्ट तपासा. आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असतं. तुम्ही तिथे नव्या असणार, गाडीचं लायसन्स हातात यायला वेळ लागेल, आणि नवरा सकाळीच मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेन पकडणार. जानेवारीच्या बर्फात दीड मैल चालत जाणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा आणि मग नकाशा बघा. या कारणासाठी जास्त भाडं द्यावं लागलं, तर खुशाल द्या.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता ते विचारतील. मराठीच लिहा. इंग्रजीची छोटी चाचणी घेतील कदाचित, तिला घाबरून खोटं लिहू नका. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराच्या एका प्रकाराविरुद्धची) या दोन लसी तिथे सहावीसाठी, वयाची 11 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतात. कुठल्या झाल्यात ते पुण्यातल्या डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या, आणि तो कागद चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा.