त्या वहीपाशी मी थांबले

"ताई, आमचे मालक 17 वर्षं फौजेत होते. हवालदार म्हणून पेन्शनवर आले त्याला 3 वर्षं झाली. गावात सगळे मेजर म्हणतात. काश्मीरमध्ये त्यांच्या जोडीचा एक जण त्यांच्यासमोर गेला, एवढंच मला माहीत आहे, तेही दुसऱ्याकडून कळलं. रात्री दोन-तीनदा उठतात, बॅटरी घेऊन घराभोवती चक्कर मारतात, दाराची कडी बघतात. झोपेत ओरडतात. उन्हाळ्यात भावकीतल्या लग्नात वरातीपुढं फटाक्यांची माळ लागली, तर यांनी आमच्या 9 वर्षांच्या पोराची मान धरून त्याला नालीत दाबलं आणि वरून स्वतः पडले. पोराचा ओठ फुटला. लोक हसले. तेव्हापासून बाहेर जाणं बंद, कॅन्टीनची बाटली मात्र रोज. सासूबाई म्हणतात करणी आहे. दोनदा देवऋषी करून झाला. चिडतात, पण हात कधी उचलला नाही. आणि जबाबदारी विसरलेले नाहीत. परवाच पेन्शनचे कागद, बँकेचं पासबुक, स्पर्श या पेन्शनच्या वेबसाइटचा पासवर्ड सगळं एका वहीत लिहून मला समजावून दिलं. त्यांना वेड लागलंय का? वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं तर पेन्शन बंद होईल का? का मी पोरांना घेऊन माहेरी जाऊ?"
– एका फौजीची बायको, परभणी जिल्हा

ताई,

तुमचे तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडं येते, पण आधी त्या वहीचं बोलू. तुम्ही ती त्यांच्या बाजूने लिहिली आहे, बिचारे किती जबाबदार आहेत म्हणून. मी मात्र ते वाक्य वाचून पत्र खाली ठेवलं. जो माणूस रात्री झोपत नाही, रोज पितो, चार माणसांत जात नाही, तो अचानक घरचे व्यवहार बायकोला समजावून देतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे विचारावं लागतं. कदाचित काहीच नसेल. स्पर्शवर हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, त्या निमित्ताने कागद निघाले असतील. पण अंदाजावर सोडू नका. सरळ विचारा. पोरं झोपल्यावर शेजारी बसून, याच शब्दांत: "अहो, जीव द्यायचं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. बहुतेकदा विचारल्यावर माणसाचा श्वास मोकळा होतो, कारण ते ओझं तो एकटाच वाहत असतो.

"येतं" असं उत्तर आलं तर भांडू नका, रडून शपथा घालू नका, पोरांची आण देऊ नका. ऐकून घ्या, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर 112 आहे, जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग आहे.

उत्तर काहीही येवो, एक काम आजच करा. आपल्याकडं "अमक्यानं औषध घेतलं" म्हटलं की कुणी दवाखान्यातल्या औषधाचा विचार करत नाही, हे मराठवाड्यातल्या बाईला मी काय सांगावं! सोयाबीन-कापसावरच्या फवारणीचे डबे घरात असतील, पलंगाखाली असतील, नाहीतर गोठ्यातल्या कोनाड्यात. ते दिराच्या किंवा भावाच्या घरी पोचवा, कुलपात. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी पुष्कळ माजी सैनिक बंदुकीचा परवाना काढतात. घरात बंदूक असेल तर ती सध्या परवान्याच्या नियमाने कुठं जमा करता येईल ते पोलीस ठाण्यात विचारा. जीव द्यायची घाई बहुतेकदा थोड्याच वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळं असतं.

आता वेड. नाही, ताई. तुम्ही जे लिहिलंय त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर राहून गेलेला ताण. आहे की नाही हे तपासून तेच सांगतील, मी सांगणार नाही. पण रात्रीच्या चकरा, आवाजाला दचकणं, गर्दी टाळणं, झोपेत ओरडणं, जोडीदार गेला आणि आपण उरलो याचा अपराधीपणा, हे सगळं त्यात ओळखीचं आहे. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणत आणि पुष्कळांना भित्रे ठरवत. आजाराच्या यादीत हे नाव 1980 साली आलं. तुमच्या सासूबाईंना ते ठाऊक नसेल तर त्यांचा काय दोष?

मी औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्रीच गणपती बुडवून लोक झोपलेले. किल्लारीच्या भूकंपानंतर माझे मामा कित्येक वर्षं छताखाली झोपले नाहीत. सरकारने पक्कं घर बांधून दिलं, त्यात धान्याची पोती राहिली आणि मामा अंगणात. ट्रक गेला की पायातली चप्पल तशीच टाकून पळायचे. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही, कारण सगळं गावच तसं होतं. तुमच्या मालकांचा भूकंप त्यांनी एकट्याने पाहिला, म्हणून ते एकटे वेडे ठरले. तेव्हा ढिगारे उपसायला मिलिटरी आली होती. विशी-बाविशीतली पोरं हातांनी प्रेतं काढत होती. आम्ही त्यांना भाकरी नेऊन दिल्या, पाया पडलो. ती पोरं रात्री झोपतात का, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. ही खंत मला अजून आहे.

त्या वरातीचं तुमच्या मुलाला काय सांगितलंत? बहुतेक "बाबांच्या नादी लागू नको" असं. आता बरोबर उलटं सांगा. ते त्याच्या वरून पडले होते ना? म्हणजे जे यायचं ते आधी त्यांच्या पाठीवर येणार होतं. पोराला म्हणावं, "बाबांनी तुला मारलं नाही. त्यांना वाटलं गोळीबार झाला, म्हणून तुला झाकलं." नऊ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं कळतं. पुढं कधीतरी हे त्यांनी स्वतः त्याला सांगितलं तर फार बरं, पण त्यासाठी त्यांना ढकलू नका.

डॉक्टरकडं न्यायचं कसं, हा खरा अवघड प्रश्न. "वेड्याच्या डॉक्टरकडं चला" म्हटलं तर ते येणार नाहीत, मीही आले नसते. झोपेवरून सुरू करा. फौजी माणूस गुडघा, बीपी, झोप यांसाठी दवाखान्यात जातो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. "तीन वर्षं झाली, तुमची झोप नाही, आपण ईसीएचएसमध्ये दाखवू" एवढंच म्हणा. माजी सैनिकांच्या या आरोग्य योजनेचं तुमचं कार्ड आहेच. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांना फटाक्यांपासून बाटलीपर्यंत सगळं तुम्ही सांगा, कारण ते स्वतः "थोडी झोप येत नाही" एवढंच सांगतील. तिथून मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवतात. तिथवर जाणं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सरकारी दरात तपासतात. आणि बसल्या जागी 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांचा फौजींसाठी खास कक्षही सुरू झाला. पहिला फोन तुम्हीच करा. घरचं माणूस करू शकतं.

पेन्शन बंद होत नाही. नोकरीची पेन्शन 17 वर्षांच्या सेवेची आहे, दवाखान्यात गेल्याने ती कुणी काढून घेत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, म्हणजे पारावर ती चर्चा डॉक्टरमुळे जाणार नाही. आणखी काही शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

उपचार दोन तऱ्हेचे. गोळ्यांचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो. सुरुवातीला मळमळतं, तेव्हाच लोक सोडून देतात. विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत, बरं वाटलं तरी नाहीत. दुसरं म्हणजे बोलणं, पण पारावरचं नव्हे. या कामाचा शिकलेला माणूस त्यांना तो दिवस सावकाश, पुन्हा पुन्हा, सुरक्षित खोलीत सांगायला लावतो. साधारण 8 ते 16 बैठका लागतात. पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर घरी त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. घाबरून बंद करू नका. ते सांगणं तुमच्यासमोरच झालं पाहिजे असा हट्ट धरू नका. काही गोष्टी बायकोला कधीच सांगितल्या जात नाहीत, त्यात तुमच्यावरचा अविश्वास नसतो.

दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्नं जास्त येतात, म्हणून पुन्हा दारू. कॅन्टीनच्या बाटल्या भांडून फेकून देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय कापतात, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करतात. आणि कॅन्टीनच्या कार्डावर "दोन बाटल्या आमच्यासाठी आणा" म्हणणारे पाहुणे असतील ना, त्यांना मात्र आजच नाही म्हणा.

रात्री ओरडले तर हलवून उठवू नका. जवळ जाऊन खांदा धरला तर हात कुठं बसेल सांगता येत नाही आणि सकाळी त्याचं दुःख त्यांनाच जास्त होईल. लाइट लावा, पायथ्याशी लांब उभ्या राहा आणि साध्या आवाजात बोला: "अहो, मी आहे. आपण गावात आहोत, आपल्या घरात. पोरं झोपलीत." पाणी द्या. काय दिसलं ते विचारू नका. कडी बघायला उठले तर एकदा तुम्हीही सोबत चक्कर मारा. दुसऱ्यांदा उठले की "मघाशी आपण दोघांनी बघितलं" म्हणा आणि तिथंच थांबा. फौजेत पहाऱ्यावरचा जवान बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही. यांच्या जागी बदलीचा अजून आलेला नाही, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटत राहिलं.

सासूबाईंशी करणीवरून वाद घालू नका, पण पैसे आणि अंगारे-धुपारे यापुढं नको. कुणी मारझोड करून, कोंडून "उतरवतो" म्हणाला तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. त्यांना म्हणा, देवाला नवस बोला आणि दवाखान्यात सोबत चला. म्हातारी सोबत आली तर लेक येतो, असा माझा अनुभव आहे.

त्यांच्या पलटणीतलं कुणी जवळपास आहे का बघा, जिंतूर, सेलू, हिंगोली, कुठंही. गेलेल्या जोडीदाराला ओळखणारा असेल तर उत्तम. सत्कार करणारे नकोत, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. चहा घेऊन दोन तास गप्प बसणारा पाहिजे.

माहेरी जायचं विचारता. आठ दिवस जाऊन झोपून या, जरूर या, तेवढे दिवस दिराला घरी बोलवा. तीन वर्षं तुम्हीही जाग्याच आहात. कायमचं जायचं तेव्हा, जेव्हा हात उठेल किंवा पोरं घाबरून जेवेनाशी होतील. तेव्हा आजारी आहेत म्हणून सहन करायचं नसतं; 181 वर फोन करायचा आणि निघायचं.

दिवाळी येतेय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावात काय आवाज असतो ते सांगायला नको. यंदा ते दोन दिवस संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावरच राहा, पोरांना फुलबाज्या द्या, दिवा तिथंच लावा. त्यांना आधी सांगून ठेवा की साधारण अमक्या वेळी फटाके सुरू होतील, कारण कळलेला आवाज अर्धाच बसतो. आयुष्यभर आखाड्यावर राहायचं नाहीये. पण यंदा राहा. पुढच्या दिवाळीचं डॉक्टरांशी बोलून बघू.