मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिल्यांदाच संदेश (प्रवचन) द्यायचा आहे, वीस मिनिटं दिली आहेत. लिहून काढावा की पवित्र आत्मा सुचवेल तसं बोलावं? गोष्टी सांगाव्यात का?

लिहून काढा. ‘आत्मा सुचवेल तसं बोल’ हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांना मत्तय १०:१९ परत एकदा वाचायला सांगा. कसं आणि काय बोलावं याची काळजी करू नका असं प्रभू येशू म्हणतो, ते शिष्यांना धरून अधिकाऱ्यांपुढे उभं करतील त्या वेळेसाठी. तरुण संघाच्या रविवारसाठी नाही. तुम्हाला तारीख आधी कळली आहे, कोणी पकडून नेलेलं नाही. मग कसली सबब?

हा वाद माझ्या घरात शिजलेला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

माझी आत्या बायबलबाई होती. नेवासे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरायची, बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची, आणि हात रिकामे नकोत म्हणून बोलता बोलता कुणाची तरी गोधडी नाहीतर कुणाच्या तान्ह्याचं झबलं शिवत बसायची. पुलपीटावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, ती कधी चढली नाही. चढू दिलं नाही असं म्हणा. ती गेली तेव्हा मातीच्या वेळी संदेश द्यायला बाहेरगावचे एक सेवक (प्रचारक) आले होते. ऐन उन्हाची वेळ. पेटीपाशी उभं राहून त्यांनी शेजारच्याला विचारलं, “बहिणीचं नाव काय?” थोड्या वेळानं परत विचारलं. मग पाप, मरण, न्याय, नरक, आणि दर दोन वाक्यांना “आमेन म्हणा”. खड्डा खणणारी पोरं फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी. आत्याबद्दल एकच वाक्य आलं, त्यातही नाव चुकलं.

परतताना मी कुरकुरलो, तर आमचे दाजी म्हणाले, “आत्म्यानं जे दिलं ते बोलले ते.” दाजी मंडळीच्या पंचांपैकी. त्यांच्यापुढे सहसा कोणी बोलत नाही. मी बोललो. पुढे घरी स्मरणसभा ठरली तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, आता तुम्हीच बोला, बघू.”

मी प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२ घेतलं, यापोची टबीथा. हा भाग निवडायला फार अक्कल लागत नाही. गोरगरिबांसाठी शिवणटिपण करणारी बाई शास्त्रात शोधायला गेलं की तीच सापडते. अक्कल पुढे लागते. मी तो भाग मोठ्यानं वाचत बसलो. ओळखीचं शास्त्र मनातल्या मनात वाचू नका, डोळे सवयीनं पुढे पळतात. मोठ्यानं वाचताना ३९व्या वचनाशी अडखळलो. टबीथा वारली आहे, येशूचा शिष्य पेत्र माडीवर जातो, तिथे विधवा रडत उभ्या आहेत, आणि टबीथानं जिवंतपणी शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवताहेत. त्यांचं बोलणं हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं एका शब्दानं लिहिलेलं नाही. कपडे तेवढे पुढे केलेले.

संदेश तिथेच मिळाला. पहिल्या खर्ड्यात मी यापोचं बंदर, तिथूनच योना जहाजात चढून पळाला, पेत्र लोदहून कसा आला, असं बरंच भरलं होतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय. सगळं काढून टाकलं. माहिती खरी होती, पण त्या माडीवर तिचं काही काम नव्हतं.

खरी अडचण ४०व्या वचनात. तिथे पेत्र सगळ्यांना बाहेर पाठवतो, गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि टबीथा उठून बसते. आमची आत्या उठली नव्हती. समोर तिची लेक बसणार होती. ३९वर थांबून पुस्तक मिटता आलं असतं, पुष्कळ जण तेच करतात. पण शास्त्र मांडीवर उघडून बसलेली बाई पुढचं वचन वाचणारच ना? म्हणून मी वहीत सरळ लिहिलं आणि तसंच बोललो: “पुढे टबीथा उठली. आपली बाई उठली नाही. का, ते मला माहीत नाही. पण तिनं शिवलेलं आपल्याही घराघरांत आहे.” मग तिच्या हातच्या दोन-तीन वस्तूंची नावं घेतली, त्या कुणाकडे आहेत ते सांगितलं, आणि खाली बसलो. कोण रडलं वगैरे सांगत नाही, स्मरणसभेत लोक रडतातच.

दाजींना ते पटलं नाही. अजूनही नाही. “‘माहीत नाही’ हे संदेशात शोभत नाही. लोक विश्वास घ्यायला येतात, तुमच्या शंका घ्यायला नाही.” माझं म्हणणं, मग स्तोत्र ८८ शास्त्रात कशाला ठेवलं? बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे अंधारावरच संपतं, पुढे ‘तरीपण’ नाही. देवाला जे पुस्तकात चाललं ते दाजींना पुलपीटावर का चालू नये? प्रत्येक दुःखाला तयार उत्तर देणाऱ्या माणसाचं ज्याच्यावर दुःख आलंय तो ऐकत नाही. मान हलवतो, आमेन म्हणतो, आणि बाहेर चपला शोधायला लागतो.

आता गोष्टींचं. सांगा, पण ती शास्त्रभागाच्या कामाची हवी. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दावीद राजाला श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा भडकून निकाल देऊन बसतो आणि मग कळतं की निकाल स्वतःवरच लागला. गोष्ट काढली तर तिथे काही उरतच नाही. आपल्याला हे शिकायला लांब जायला नको. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या काळात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत, रेव्हरंड ना. वा. टिळकही कीर्तनाला उभे राहत. पूर्वरंगात एक सिद्धांत घेऊन निरूपण, उत्तररंगात त्याच सिद्धांताला धरून आख्यान. एक धागा, शेवटपर्यंत तोच.

त्याऐवजी हल्ली काय चालतं? तीन मुद्दे, तिन्ही ‘प’वरून: प्रार्थना, परिश्रम, परिणाम. शास्त्रभागात परिश्रमाचं नाव नसलं तरी ‘प’साठी ते घुसवायचे. आणि तो गरुड! चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नवी चोच येते, आणखी तीस वर्षं जगतो. ही गोष्ट धादांत खोटी आहे. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही पुलपीटावर नेऊ नका, समोर जीवशास्त्र शिकणारी मुलं बसलेली असतात.

वीस मिनिटं दिलीत ना, पंधराचंच लिहा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे पंधराशे शब्द पुरे. त्रोवस गावी खुद्द प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तर खिडकीत बसलेला युतुख झोपेनं तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं त्याला जिवंत करून परत बोलणं चालू केलं, ते आपल्याला जमणारं नाही. पोप फ्रान्सिस यांनी तर २०२४ साली आठ मिनिटांच्या वर जाऊ नका असं सांगितलं होतं.

पूर्ण लिहा, मोठ्यानं वाचा, तोंडात अडकेल ते खोडा. मग त्यावरून एका पानावर ठसठशीत अक्षरात टिपणं काढा आणि वर जाताना तेच पान न्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मोबाईलवरून वाचू नका, नेमक्या वेळी पडदा काळा होतो. शास्त्रपाठ तुम्हीच वाचणार असाल तर नावं घरी घोटून घ्या. नबुखद्नेस्सर ऐन वेळी कुणाच्याच जिभेवर येत नाही.

एक राहिलं. मी हे आमच्यासारख्या मिशनच्या जुन्या मंडळ्यांपुरतं लिहिलं. तुमची मंडळी पेंटेकॉस्टल (आत्म्याच्या प्रेरणेवर भर देणारी) असेल तर वातावरण वेगळं, आणि तिथेही तयारी करून न लिहिता उत्तम बोलणारी माणसं मी ऐकली आहेत, हे कबूल. कॅथलिक असाल तर रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात आणि मिस्सातलं, म्हणजे त्यांच्या उपासनेतलं, प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (त्यांच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) हेच करतात, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. पाळकसाहेबांनी विषय दिला असेल तर तोच घ्या, पहिल्याच वेळी पंगा नको. शास्त्रभाग मात्र त्यांना आधी कळवा, म्हणजे गीतं निवडणाऱ्याला जुळती गीतं घेता येतील.

दाजींचा नातू त्यांना असलं सगळं वाचून दाखवतो, त्यामुळे हेही पोचेलच. दाजी, स्तोत्र ८८चं उत्तर अजून तुमच्याकडे बाकी आहे.