म्युनिसिपल वेस्ट हा बँड ऐकायला घेतोयस? मग इथून सुरू कर

पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकायचा हट्ट सोड, राजा. थेट 2007 चा 'द आर्ट ऑफ पार्टीइंग' लाव. व्हर्जिनियातल्या रिचमंडची ही टोळी नेमकी काय आहे, ते त्यात कळतं: थ्रॅशची (म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलची) रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून, हार्डकोअर पंकची घाई आणि बिअर, राक्षस, धिंगाणा असला वात्रट मालमसाला. गाणी दीड-दोन मिनिटांची. विनोद कळेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं! म्हणून शब्द समोर ठेवून एकदा तरी ऐक.

मग 2005 चा 'हॅझर्डस म्युटेशन'. माझा लाडका हाच. डेव्ह विटचे ड्रम्स नीट ऐक. एवढ्या वेगातही ठोका कुठे सांडत नाही. गंमत टिकते ती त्यामुळेच. वाजवणारे कच्चे असते, तर नुसता पोरखेळ झाला असता.

2003 चा 'वेस्ट एम ऑल' त्यानंतर. नावातच मेटालिका या मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची, 'किल एम ऑल'ची, टर उडवली आहे. आवाज खडबडीत, पण भूक जाणवते.

2009 चा 'मॅसिव्ह अग्रेसिव्ह' मात्र थोडा थांबून घे. तिथे ते जरा गंभीर झालेत आणि, खरं सांगू, मला ते मानवलं नाही. 'द फेटल फीस्ट' बरा आहे. 2017 च्या 'स्लाइम अँड पनिशमेंट'मध्ये दुसरा गिटारवादक आल्याने आवाज भरला; नावात दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' कादंबरीलाही सोडलेलं नाही.

आणि हो, हेडफोन नको. स्पीकरवर लाव, घरचे बाहेर गेले की.