चिठ्ठीच्या पुढचे पाऊल

प्रश्न : रस्त्यावर राहून हेरॉइन टोचून घेणाऱ्यांना आमचा गट उपचार केंद्राची चिठ्ठी देतो, पण कुणीच तिकडे फिरकत नाही. काय चुकते?

उत्तर : चिठ्ठी देऊन थांबणे चुकते. शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत अंगदुखी, जुलाब, थरथर सुरू होते. ब्युप्रेनॉर्फिन (हा त्रास व हेरॉइनची ओढ कमी करणारे औषध) सुरू करण्याची वेळ नेमकी हीच असते, आणि नेमके तेव्हाच ओळखपत्र मागणाऱ्या खिडकीपुढे ताटकळणे कुणाला जमत नाही, म्हणून कार्यकर्त्याने सोबत जावे व त्याच दिवशी नोंदणी होईल असे केंद्राशी आधीच ठरवावे. स्वच्छ सुया, जखमेची मलमपट्टी देताना उपचाराची अट घालू नका (उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकलेला असतो). उपचार मध्येच सुटल्यास, शरीराची सवय मोडलेली असल्याने हेरॉइनची जुनी मात्रा जीवघेणी ठरू शकते. म्हणून नालोक्सोन (हेरॉइनच्या अतिमात्रेचा परिणाम उलटवणारे औषध) जवळ बाळगा.